देशांना दामदुपट का नाही?

रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात वर्तमानपत्रे चाळता चाळता गप्पा रंगतात, हे आपल्या सभासदांना ठाऊक आहेच. अशाच एका रविवारी अमेरिकेने आपली ‘यूएसएड’ ही मदतसंस्था बंद केल्याची बातमी निघाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “पन्नास-साठ वर्षे हे श्रीमंत देश आफ्रिकेला पैसे देताहेत. तरी ती गरीबच. मग दोष कोणाचा?” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, “तुम्ही बँकेत होतात ना? तुम्हीच सांगा, अशा खातेदाराला बँक किती दिवस पोसेल?”

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय क्रिकेटकडे गेला. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आम्ही अर्थतज्ज्ञ नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, निम्मी नोकरी कर्ज विभागात गेली. कर्जे मंजूर केली, वसूल केली, काही बुडताना पाहिली. त्यामुळे जगातील गरीब आणि श्रीमंत देशांकडे आम्ही कर्जखात्याच्या बाजूनेच पाहू शकतो. पण या विषयाची नाडी तिथेच सापडते असे आमचे मत झाले आहे.

आधी रोजकीर्द पाहू

कोणत्याही खात्याविषयी मत बनवण्याआधी जमा-नावे पाहावे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले गेले. तर २०२३ या वर्षात सर्व श्रीमंत देशांनी मिळून जगाला दिलेली अधिकृत मदत सुमारे २२३ अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी विकसनशील देशांनी परदेशी कर्जापोटी मुद्दल आणि व्याज मिळून सुमारे १,४०० अब्ज डॉलर फेडले, असे जागतिक बँकेचा अहवाल सांगतो. त्यात नुसते व्याजच ४०६ अब्ज. म्हणजे एकूण मदतीच्या जवळजवळ दुप्पट.

कोणी म्हणेल, यात चीन, भारत, ब्राझीलही आले, ते काही अगदी गरीब नव्हेत. बरोबर आहे. म्हणून फक्त सर्वांत गरीब देश घेऊ, ज्यांना जागतिक बँक सवलतीने कर्ज देते. त्यांनी २०२३ मध्ये ९६ अब्ज डॉलर फेडले आणि त्यातले सुमारे ३५ अब्ज व्याजाचे होते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास विभागाचा २०२५ चा हिशेब असा की, जगातील ३४० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर जेवढा खर्च करते त्याहून जास्त कर्जाच्या व्याजावर करते.

ओघ कोणीकडून कोणीकडे वाहतो, हे आधी हिशेबाने पाहावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानातून इंग्लंडला किती जाते आणि तिकडून किती येते, याची बेरीज-वजाबाकी मांडली, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. तेच दादाभाई १८७४ मध्ये आपल्या बडोद्याचे दिवाण होते. आज त्यांनी हे आकडे पाहिले असते, तर त्यांना फारसे आश्चर्य वाटले नसते.

एक खाते: झांबिया

सगळ्या जगाचे एकदम बोलले की काहीच हाती लागत नाही. म्हणून आपण एकच खाते उघडू. आफ्रिकेच्या दक्षिण भागात झांबिया हा देश आहे. समुद्रकिनारा नाही, लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास. आपल्या गुजरातेतून कित्येक कुटुंबे पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी तिकडे गेली. इथे बडोद्यात ‘आमचे मोठे काका लुसाकात असतात’ असे सांगणारे शेजारी आपल्यापैकी काहींना भेटले असतील. लुसाका ही त्याची राजधानी.

झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. देशात तांबे भरपूर, आणि निर्यातीतला बहुतेक पैसा तांब्याचाच. एकाच मालावर चालणारे दुकान किती धोक्याचे, हे कोणताही ब्रँच मॅनेजर सांगेल. सत्तरच्या दशकात तेल महागले, तांब्याचा भाव कोसळला, आणि सरकारने ‘भाव पुन्हा वर येईल’ या भरवशावर कर्जे काढली. भाव लवकर आला नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षे जुने कर्ज फेडायला नवे कर्ज, असे चालले. अखेर २००५ मध्ये मोठी कर्जमाफी मिळाली आणि सुमारे ७ अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज एक अब्जाच्या आत आले. लगेच २००६ मध्ये सरकारने ग्रामीण दवाखान्यांतील फी बंद केली. कर्ज हलके झाले की काय होते, त्याचा हा सरळ दाखला.

मग पुढे काय झाले? २०१२ मध्ये श्रीमंत देशांत व्याजदर तळाला गेले होते. तिकडच्या फंडांना कुठेतरी जास्त व्याज हवे होते. झांबियाने पहिल्यांदाच डॉलरमधले रोखे काढले, ७५ कोटी डॉलरचे, साधारण साडेपाच टक्क्यांनी. त्या दिवसांत स्पेनलाही याहून महाग कर्ज मिळत होते. मागणी तर देऊ केलेल्या रोख्यांच्या कित्येक पट आली. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर नव्या खातेदाराच्या दारात चार बँकांचे अधिकारी फॉर्म घेऊन उभे होते. २०१४ मध्ये आणखी १ अब्ज डॉलर, आता साडेआठ टक्क्यांनी. २०१५ मध्ये सव्वा अब्ज, जवळजवळ नऊ टक्क्यांनी. शिवाय रस्ते, विमानतळ, वीजप्रकल्प यांसाठी चीनची कर्जे.

तांब्याने पुन्हा दगा दिला. २०११ मध्ये टनाला १० हजार डॉलरला पोहोचलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला साडेचार हजारांच्या आसपास उतरला. आणि इथे ती गोष्ट येते, जी आपल्या घरकर्जाच्या अनुभवावरून लक्षात येत नाही. आपण रुपयात कमावतो आणि रुपयात फेडतो. झांबियाचे सरकार कर गोळा करते क्वाचा या त्यांच्या चलनात, आणि फेडते डॉलरमध्ये. २०१३ च्या सुरुवातीला एका डॉलरला पाच-सव्वापाच क्वाचा पडत. २०२० च्या शेवटी २१ पडू लागले. तेव्हा १०० डॉलरचे कर्ज घेणाऱ्याच्या डोक्यावर ५२० क्वाचा होते. आठ वर्षांनी, एक डॉलरही नवा न घेता, २,१०० क्वाचा झाले. कर्जदाराने काहीही न करता मुद्दलच चौपट झाले, असे खाते आम्ही सबंध नोकरीत पाहिले नाही.

व्याजदराचेही तसेच. ज्या २०२० साली झांबिया अडकला, त्या वर्षी जर्मनीच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर शून्याच्याही खाली होता. म्हणजे जर्मनीला पैसे ठेवून घेण्याबद्दल लोक पैसे मोजत होते. धोका जास्त म्हणून व्याज जास्त, हा बँकेचा नियम आम्हाला मान्य आहे. पण व्याज जास्त म्हणून धोका वाढतो, हेही तितकेच खरे आहे. साडेआठ टक्क्यांनी डॉलर घेऊन रस्ता बांधला, तर तो रस्ता देशाला डॉलरमध्ये साडेआठ टक्के कमवून देईल का? असा रस्ता आम्हाला तरी माहीत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाचा हप्ता चुकला. १ अब्ज डॉलरच्या साडेआठ टक्के रोख्यांचे सहा महिन्यांचे व्याज, म्हणजे ४ कोटी २५ लाख डॉलर. कोरोनाचे वर्ष होते. सरकारने रोखेधारकांकडे सहा महिन्यांची सवलत मागितली होती. त्यांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही थांबायचे आणि आमचे पैसे चिनी कर्ज फेडायला जायचे, हे चालणार नाही. आधी सगळा हिशेब दाखवा. हे म्हणणेही अगदीच चुकीचे नव्हते.

साडेतीन वर्षांचे थांबणे

आता आमच्या पेशातला मुद्दा. कर्ज थकले की पुढे काय करायचे, याची बँकेत ठरलेली वाट असते. नव्वद दिवसांनी खाते एनपीएत जाते. मग बोलणी होतात, हप्ते बांधून दिले जातात, नाहीच जमले तर एकरकमी तडजोड होते. कंपनी असेल, तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाते. सगळे देणेकरी एका टेबलाशी बसतात आणि कायद्याने मुदत घातलेली असते. ती मुदत पुष्कळदा पाळली जात नाही, हे खरे. पण टेबल असते.

देशांसाठी असे टेबल नाही. देश थकला की ज्याचे जेवढे देणे असेल, त्याच्याशी वेगवेगळे बोलायचे: सरकारांशी वेगळे, चीनच्या बँकांशी वेगळे, रोखेधारकांशी वेगळे. जी-२० देशांनी २०२० मध्ये ‘समान चौकट’ नावाची व्यवस्था केली. झांबिया तिच्यात अगदी सुरुवातीलाच गेला. तरी सरकारी देणेकऱ्यांशी ६.३ अब्ज डॉलरचा समझोता व्हायला जून २०२३ उजाडले. त्यातले चार अब्जांहून अधिक एकट्या चीनचे होते. त्या समझोत्यात मुद्दल फारसे कापले गेले नाही. मुदत २०४३ पर्यंत वाढली आणि सुरुवातीची वर्षे व्याज एक टक्का ठरले. रोखेधारकांशी ठरलेला पहिला करार सरकारी देणेकऱ्यांनीच मोडीत काढला, कारण रोखेधारक पुरेसे सोडत नाहीत असे त्यांचे मत पडले. शेवटी तो जून २०२४ मध्ये पुरा झाला. काही व्यापारी कर्जांचा प्रश्न त्यानंतरही उरलाच.

म्हणजे साडेतीन वर्षे. त्या काळात नवा उद्योग तिथे पैसा घालायला बिचकतो, चलन घसरते, औषधे आणि खते महागतात. त्यातच २०२४ मध्ये मोठा दुष्काळ पडला. तिथले मुख्य अन्न मका. ते पीक गेले, आणि करिबा धरणाचे पाणी आटल्याने वीज दिवसातून काही तासांपुरतीच येऊ लागली. दुष्काळ काही देणेकऱ्यांनी आणला नव्हता. पण घरात साठा नसताना दुष्काळ यावा, तसे ते झाले.

आमच्या लेजरमधले एक पान

मक्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९८७ च्या दुष्काळात आम्ही पंचमहाल जिल्ह्यातील एका छोट्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. तिकडचे आदिवासी शेतकरी मकाच लावत. त्या वर्षी पीक करपले. असे वर्ष सरकारने दुष्काळी ठरवले की पीककर्जाचे रूपांतर मध्यम मुदतीच्या कर्जात करता येते. शेतकऱ्याला दोन-तीन वर्षे श्वास घेता येतो. नियम चांगला होता, परंतु शेतकऱ्याला तो आपण होऊन कोणी सांगत नसे. मार्चअखेरचे वसुलीचे आकडे वरच्या ऑफिसला हवे असत.

एक वयस्कर शेतकरी फेब्रुवारीतच आले आणि फडक्यात बांधलेल्या नोटा काउंटरवर ठेवल्या. पूर्ण हप्ता. आम्हाला आनंद झाला. रूपांतराचा अर्ज करता येतो, हे आम्ही त्यांना सांगितले नाही. मॅनेजर साहेबांनी इतर खातेदारांना त्यांचे उदाहरण दिले. इन्स्पेक्शनमध्ये त्या खात्यावर शेरा पडला, ‘नियमित’.

दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्यांच्या गावी गेलो. गोठ्यात बैल नव्हते. मोठा मुलगा शाळा सोडून बडोद्याला बांधकामावर मजुरीला आला होता. हप्त्याचे पैसे सावकाराकडून आणले होते, महिना शेकडा पाचने. आम्ही विचारले, “काका, बँकेत येऊन सांगितले का नाही?” ते म्हणाले, “साहेब, तुमचे पैसे तर दिले ना?” त्यांच्या स्वरात राग नव्हता. आम्हीच खाली पाहिले.

आज एखाद्या देशाने कर्जाचा हप्ता वेळेवर भरल्याची बातमी आली आणि रोख्यांचा भाव चढला, की आम्हाला तो गोठा आठवतो. वर सांगितलेल्या ३४० कोटी माणसांचे बहुतेक देश थकबाकीदार नाहीत. त्यांची खाती नियमित आहेत. शाळा आणि दवाखाने यांतून काढून ते हप्ता भरत आहेत. लेजरमध्ये ते दिसत नाही.

दामदुपट म्हणजे काय

आजकाल ‘दामदुप्पट’ हा शब्द बहुतेक पैसे दुप्पट करून देणाऱ्या, आणि मग पळून जाणाऱ्या योजनांच्या बातम्यांत वाचायला मिळतो. मूळ अर्थ नेमका उलटा. दामदुपट ही सावकाराला घातलेली मर्यादा होती. हिंदू धर्मशास्त्रातील जुना नियम असा की, एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील, तर थकबाकी कितीही वर्षांची असो, एका वेळी दोनशेच्या वर मागता येणार नाही. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही हा नियम मानला.

दुसरा दाखला महाराष्ट्राचाच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इंग्रज सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने न्यायाधीशाला अधिकार मिळाला की, रोख्यावर लिहिलेला आकडा डोळे झाकून न मानता व्यवहाराचा मुळापासून इतिहास पाहावा, खरे दिले किती, घेतले किती, आणि व्याज वाजवी किती ते ठरवावे. कायद्याने सगळे सुटले असे नाही. पण परक्या सरकारलाही एवढे कळले की, सही आहे म्हणून प्रत्येक रोखा न्याय्य ठरत नाही.

आता झांबियाचेच आणखी एक जुने पान पाहा. १९७९ मध्ये रुमानियाने झांबियाला ट्रॅक्टर आणि शेतीच्या यंत्रांसाठी दीड कोटी डॉलरचे कर्ज दिले. ते थकले. १९९९ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या एका फंडाने तो हक्क रुमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतला आणि पुढे लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. दामदुपटीने पाहिले, तर दीड कोटी मुद्दल आणि फार तर दीड कोटी व्याज, मिळून तीन कोटी. २००७ मध्ये न्यायालयाने सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले. म्हणजे साडेतेहतीस लाखांच्या आत घेतलेल्या कागदावर चौपटीहून जास्त वसुली झाली, आणि तीही कर्जमाफी मिळून दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा. या प्रकरणाचा एवढा बोभाटा झाला की ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून माफीपात्र जुन्या कर्जांवर अशी वसुली करण्यास बंदी घातली. एका देशाच्या संसदेने मनावर घेतले, तर काय होऊ शकते ते यातून दिसते.

ज्याला द्यायचे त्याला दिले गेले

देशांची कर्जे कापताच येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही १९५३ चे लंडन दाखवू. दोन महायुद्धांनंतर पश्चिम जर्मनीवर परदेशी कर्जांचा डोंगर होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इतर देणेकरी देश एका टेबलाशी बसले. जर्मनीच्या बाजूने बोलणी करणारे हर्मान आब्स हे स्वतः बँकर होते. कर्ज जवळपास निम्मे केले गेले, उरलेल्याला लांब मुदत दिली गेली, आणि निर्यातीतून शिल्लक पडेल त्या मानाने फेड व्हावी असे धोरण ठेवले गेले. म्हणजे कर्ज वसूल व्हायचे असेल, तर कर्ज देणाऱ्यांनी जर्मन माल घ्यावा. पुढे जर्मनी किती वर आला ते सर्वांना माहीत आहे. त्याचे श्रेय जर्मन माणसाच्या मेहनतीला आहेच, पण त्या मेहनतीला मोकळी जमीनही मिळाली.

दुसऱ्या टोकाला हैती. फ्रान्सच्या गुलामगिरीतून लढून १८०४ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक. पुढे ती ९ कोटींवर आणली. गुलामांनी आपल्याच सुटकेची किंमत मालकांना द्यायची, आणि ती देण्यासाठी फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढायचे. त्या कर्जांची शेपटे १९४७ पर्यंत पुरली. २०२५ च्या एप्रिलमध्ये, दोनशे वर्षे झाल्यावर, फ्रान्सच्या अध्यक्षांनी या इतिहासाच्या अभ्यासासाठी संयुक्त आयोग जाहीर केला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये देशांच्या कर्जांच्या पुनर्रचनेसाठी काही तत्त्वे मंजूर केली. १३६ देश बाजूने, ६ विरुद्ध. त्या सहांत अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्याबरोबर जर्मनीही होता. ठराव बंधनकारक नसल्याने तो कागदावरच राहिला. २०२५ च्या उन्हाळ्यात स्पेनमधील सेव्हिया येथे विकासाच्या पैशावर जागतिक परिषद भरली. तीत अमेरिका सामील झाली नाही. कर्जदार देशांनी आपसांत बोलण्यासाठी एक व्यासपीठ करावे, एवढे मात्र ठरले. देणेकऱ्यांचा ‘पॅरिस क्लब’ १९५६ पासून चालू आहे. कर्जदारांना एकत्र बसायला सत्तर वर्षे लागली.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे

आमचे ज्येष्ठ सभासद म्हणतील, “म्हणजे कर्जदाराचा काहीच दोष नाही?” आहे, आणि मोठा आहे. झांबियाच्या सरकारने २०१७ मध्ये ४२ अग्निशमन गाड्या ४ कोटी २० लाख डॉलरला घेतल्या, म्हणजे एक गाडी दहा लाख डॉलरला. देशात त्यावरून रान उठले. तीन वर्षांनी जो हप्ता चुकला, तो जवळजवळ तेवढ्याच रकमेचा होता. २०२१ मध्ये सरकार बदलले, नव्यांनी वह्या तपासल्या, तेव्हा जाहीर केल्यापेक्षा कर्ज जास्त निघाले. २०२५ मध्ये अमेरिकेने तिथली औषधांची ५ कोटी डॉलरची मदत तोडली, कारण दिले ते मदतीच्या औषधांची सरकारी गोदामांतून होणारी चोरी. या गोष्टी झाकून गरिबांची बाजू मांडता येत नाही.

पण त्याच देशात २०२२ मध्ये शाळेची फी बंद झाली आणि एका वर्षात तीस हजार नवे शिक्षक भरले गेले. बरेचसे परदेशी हप्ते तेव्हा थांबलेले होते, हे लक्षात घ्यावे. शिवाय कर्ज बुडाले की बँकेत चौकशी दोघांची होते, घेणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. एकाच मालावर चालणाऱ्या दुकानाला तारणाशिवाय तीन वर्षांत तीन अब्ज डॉलर कोणी दिले आणि काय पाहून दिले? आमच्या वेळी असा प्रस्ताव मंजूर करणाऱ्याची बढती थांबली असती. वाढीव व्याज हे धोक्याचे मोल म्हणून आधीच घेतले असेल, तर धोका समोर आल्यावर त्यातला वाटाही उचलायला हवा.

आपण कुठे उभे आहोत

भारताने हा अनुभव जवळून घेतला आहे. १९९१ मध्ये आपल्याकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतेही डॉलर धड नव्हते. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले गेले. आम्ही तेव्हा काउंटरवर होतो. लोक येऊन विचारत, “साहेब, आपले सोने खरेच गेले का?” आपण त्यातून निघालो. त्याची कारणे अनेक, पण एक मोठे कारण असे की, आपले सरकार बहुतेक कर्ज आपल्याच लोकांकडून रुपयात काढते. आपली बचत पत्रे, आपले प्रॉव्हिडंट फंड, आपल्या बँकांतील ठेवी हा त्याचा आधार. झांबियाकडे तो नव्हता.

आज आपण देणेकऱ्यांच्या बाजूलाही बसतो. श्रीलंका २०२२ मध्ये थकला, तेव्हा भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरचे साह्य केले, आणि कर्जाच्या पुनर्रचनेची हमी सर्वांत आधी दिली. देणेकरी देशांच्या समितीत जपान आणि फ्रान्ससोबत भारत सहअध्यक्ष होता. तेव्हा या प्रश्नात आपल्या देशाला काही म्हणण्याचा अधिकार आहे, आणि जबाबदारीही.

काय म्हणावे? आम्हाला तीन साध्या गोष्टी सुचतात, तिन्ही बँकेत रुळलेल्या. पहिली, थकबाकीच्या निकालाला मुदत हवी आणि तोवर व्याज चढू नये. दुसरी, सर्व देणेकऱ्यांना एकच टेबल आणि एकच कापणी, मग ते चीनचे असोत की न्यूयॉर्कचे. तिसरी, आमच्या दुष्काळातल्या नियमासारखी: आपत्ती आली की हप्ता आपोआप पुढे ढकलला जावा, अर्ज-विनवण्या कराव्या लागू नयेत. हे स्वप्न नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या छोट्या देशाने आपल्या रोख्यांत तसे कलमच घालून घेतले होते. २०२४ च्या जुलैत तिथे मोठे चक्रीवादळ आले, आणि त्या कलमाने सुमारे ३ कोटी डॉलरची फेड पुढे गेली. तो पैसा त्या महिन्यांत घरांची छपरे बसवायला उपयोगी पडू शकला.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-सुना अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत आहेत. त्यांच्या पेन्शन फंडांच्या पैशातला थोडा भाग अशा देशांच्या रोख्यांत असू शकतो. या दिवाळीत ती घरी आली की त्यांना विचारून पाहा. टीका म्हणून नव्हे. आपला पैसा कुठे कामाला लागला आहे ते माहीत असावे म्हणून.

आणि त्या रविवारच्या प्रश्नाचे उत्तर. खातेदाराला बँक किती दिवस पोसेल, असे आपण विचारलेत. आमच्या हिशेबाने या खात्यात पोसणारा कोण आणि पोसला जाणारा कोण, हेच आधी नीट तपासायला हवे. पुढच्या रविवारी वाचनालयात आम्ही हे आकडे कागदावर मांडून आणू. ज्यांना चूक दिसेल, त्यांनी जरूर दाखवावी. चहा थोडा उशिरा मागवू.